मोजणी संपायच्या आधीच आणलेले पेढे

मंडळी, आज सकाळी माझा जीव भांड्यात पडला!

सिंगापूरला वन-नॉर्थच्या आमच्या लॅबमध्ये कॉनर हा आयरिश सहकारी आहे. त्याची बहीण तिकडे आयर्लंडमध्ये निवडणुकीला उभी होती. तिच्या मतदारसंघातून पाच जण निवडून येणार आणि परवा सकाळी मोजणीत ती तिसरी! मी लगेच लिटल इंडियातून पेढे घेऊन गेले.

कॉनरने डब्याचं झाकण परत लावलं. "ही फक्त पहिली फेरी. आमच्याकडे शेवटचा उमेदवार बाद झाला की त्याची मतं त्या मतदारांच्या पुढच्या पसंतीला जातात. अजून दोन दिवस मोजणी चालेल."

डबा पँट्रीच्या फ्रिजमध्ये गेला आणि बाई घसरायला लागल्या. चौथी, पाचवी, काल तर सहावी! माझ्याच पेढ्यांची दृष्ट लागली, दुसरं काय. मी कॉनरची नजर चुकवत फिरत होते.

आज ऑफिसात शिरतेय तोच तो ओरडला, "आली निवडून! शेवटच्या फेरीत, शेवटच्या जागेवर!"

पेढे एव्हाना दगड झाले होते. कॉनरने तरी एक तोंडात टाकला आणि बराच वेळ चावून म्हणाला, "आता गोड लागतोय."

खरं सांगा, नुसती आघाडी दिसली की पेढे आणणारी मी एकटीच आहे का?