दोन सिनेटर आणि माझा एक अर्ज

"हा माणूस तुमचं काम करणार नाही," मी मायाबाई गजभियेंना सांगितलं आणि मोबाइलवरचा फोटो दाखवला. फोटो अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्या सिनेटरचा होता.

मी भंडाऱ्याला कचेरीसमोर अर्ज लिहितो. रेशनकार्डापासून मंत्र्यापर्यंत सगळे लिहून झाले, पण सिनेटर पहिलाच. सिनेटर म्हणजे तिकडचा खासदार, प्रत्येक राज्याचे दोन. मायाबाईंचा मुलगा प्रशांत या सिनेटरच्या राज्यात नोकरीला. त्याच्या ग्रीन कार्डचा, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज पेंडिंग होता. जुना व्हिसा संपलेला. बाहेर जाऊन परत येण्याच्या परमिटशिवाय देश सोडला तर अर्ज बाद, आणि परमिट अडकलेलं. इकडे वडील जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले, आता अंथरुणाला खिळलेले. डॉक्टरांनी हात टेकले होते.

सिनेटरच्या ऑफिसनं विचारणा केली की फाइल हलते, असं प्रशांतला कोणीतरी सांगितलं. पुढाऱ्याला कसं लिहावं हे त्याला कळेना, म्हणून आई माझ्याकडे आली.

आमच्या धंद्यात अर्जाआधी पुढारी पाहतात. पक्ष कोणता, माणसं कोणती. मी त्या सिनेटरचं सगळं आयुष्य वाचून काढलं. शेतकऱ्याचा मुलगा, फौजेत नोकरी, मग वकिली, मग राज्याची विधानसभा, मग सिनेट. दर रविवारी चर्च. कट्टर परंपरावादी. बाहेरच्यांना परवाने कमी द्या, हे प्रत्येक भाषणात.

"मंग तो आपलं कायले ऐकन जी?" मायाबाई म्हणाल्या. "दुसरा कसा हाये?"

दुसरा विरुद्ध पक्षाचा. दिवाळीत पणती लावतानाचा त्याचा फोटोही सापडला. मी म्हटलं, हाच आपला माणूस. दोन पानी अर्ज लिहिला, तो प्रशांतनं सही करून पाठवला.

आठवड्यानं उत्तर आलं. भाषा फार गोड होती. आम्ही तुमच्या कुटुंबासोबत आहोत, अर्ज क्रमानं पाहू. "थोडा धीर धरा," मी म्हणालो. अजून एक आठवडा गेला.

शेवटी प्रशांतनं मला न विचारता त्या म्हाताऱ्याच्या ऑफिसला फोन लावला. तिथल्या बाईनं त्याच्या सहीचा एक फॉर्म भरून घेतला आणि एकच विचारलं, वडिलांकडे किती दिवस आहेत? तिसऱ्या दिवशी परमिट हातात आलं.

तो विमानात असताना वडील गेले.

पुढल्या महिन्यात मायाबाई पेन्शनच्या अर्जासाठी आल्या. नवऱ्याचं नाव सांगताना अडखळल्या. मग म्हणाल्या, "आधीच त्या बुढ्याले लिवलं असतं, तं भेट झाली असती का जी?"

"झाली असती," मी म्हणालो.

"प्रशांतले सांगू नका," त्या म्हणाल्या आणि अंगठ्याला शाई लावायला हात पुढे केला.

पुढारी भाषण मतदारांसाठी करतो, अर्ज मात्र त्याच्या ऑफिसातला माणूस वाचतो. एवढं कळायला मला एका घराचे चौदा दिवस लागले.