सत्काराचं घोंगडं

पुसेगावात तातेराव माझे शेजारी. त्यांच्या मधल्या खोलीत घोंगडं विणायचा माग आहे आणि मागापुढं कमरेइतका खड्डा. विणणारा कडेला बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या फळ्या दाबतो. मेंढरांची लोकर आता कुणी विचारत नाही, कातरली की बांधावर फेकतात.

मुलगा परमेश्वर एकदा म्हणाला, "आबा, उन्हाळा सरला की तैवानचे कापडवाले हिंगोलीला येऊन राहिले. त्यायनी मागणी दिली तर माग ऱ्हाईल. न्हाई तर खड्डा बुजवू, तिथं चक्की टाकू."

पोरगं वाईट नाही. त्याला लेकरंबाळं आहेत आणि लोकर काही खाता येत नाही.

तातेरावांनी उन्हाळाभर एकच घोंगडं विणलं, कारण खांदा साथ देत नव्हता. बायको भागाबाईंनी डोळे चोळत चोळत सूत कातलं. काळंभोर अंग, पांढरा काठ. मी दोघांना माझ्या ऑटोनं नेलं, तर सगळ्या वाटेनं भागाबाई ते मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

हिंगोलीच्या सभागृहात टेबलं मांडलेली होती. कुणाचं सूत, कुणाचे टॉवेल, शेवटच्या टेबलावर आमचं घोंगडं. पण आपल्याकडं पाहुणा दिसला की आधी सत्कार, काम नंतर. तैवानच्या पाहुण्यांच्या म्होरक्या बाई उशिरा पोचल्या, तोवर शाली संपल्या होत्या. एक कार्यकर्ता धावत आला, "काका, द्या जरा," म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता घोंगडं उचलून घेऊन गेला. ते बाईंच्या खांद्यावर पडलं. टाळ्या झाल्या. तातेरावांनीही वाजवल्या, त्याचा मला अजून राग येतो.

मग बाई टेबलं बघत आमच्यापर्यंत आल्या. अंगावरचा काठ बोटांनी चोळत त्यांनी दुभाष्या मुलीमार्फत विचारलं, हे कुणी विणलं, केवढ्याला, वर्षाकाठी किती देता येतील?

ज्यासाठी उन्हाळा घातला होता तो प्रश्न समोर उभा होता. तातेरावांनी हात जोडले.

"मानानं अंगावर घातलेल्या कापडाची किंमत सांगत नसतेत, बाई."

मुलीनं ही भेट आहे असं सांगितलं. बाईंनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि त्या टॉवेलांकडं वळल्या.

"आवो, सांगा की," भागाबाईंचा आवाज रडवेला झाला. "काहून गप बसले?"

"मान देऊन मोल मागू का?"

बोलणाऱ्याची बोरं विकतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. शेवटी पाहुणे निघाले तेव्हा भागाबाई उरलेल्या सुताचा गुंडा दाखवत गाडीमागं धावल्या. काचेतून बाईंनी हसून हात हलवला. घोंगडं अजून अंगावर होतं.

घरी परमेश्वर आईचं तोंड बघूनच समजला. दुसऱ्या दिवशी त्यानं माग सोडवला आणि मातीची पाटी घेऊन आत आला. तातेराव खड्ड्यात पाय सोडून बसले होते. फळ्या काढलेल्या होत्या, तरी पाय खालीवर होत होते.

"आबा, पाय काढा."

त्यांनी एक पाय वर घेतला. दुसरा निघेना, बधिर झाला होता. परमेश्वरानं पाटी खाली ठेवली, बापाला काखेत धरून वर ओढलं आणि तसंच कितीतरी वेळ धरून ठेवलं. मग त्यानं पाटी उचलली.