खेळातलं गाऱ्हाणं

आई अंथरुणाला खिळल्यापासून माझ्या वाट्याला फक्त रविवारची दुपार उरली होती. कुडाळहून धाकटा भाऊ दोन मित्रांना घेऊन यायचा, आईच्या उशाशी टेकल्यासारखं करायचा, आणि मग ओसरीवर आमचा फाशांचा खेळ मांडला जायचा. ते तिघे योद्धे, जादूगार असे कोणी कोणी. राज्य, राक्षस आणि वाटेत भेटणारी बाकी सगळी माणसं माझ्याकडे. या माणसांना खेळणारी मंडळी एनपीसी म्हणतात. ती घडवायची मी आणि त्यांच्या तोंडून बोलायचंही मीच.

एरवी मी एकेकाला हौसेने घडवायचे. त्याची भीती, खोडी, चालायची लकब, सगळं ठरवून ठेवायचे. पण आईला रात्री कुशीवर वळवा, चादर बदला, सकाळी पेज भरवा, यात माझा पार पिट्टा पडला होता. दोन महिने तरी आईला तुझ्याकडे ने, असं मी भावाला कितीदा सांगितलं. तो "बघूया" म्हणायचा. त्याची माया म्हणजे दुरून डोंगर साजरे.

त्या रविवारी राक्षसाच्या रानाच्या तोंडाशी उभा करायला मला एक म्हातारा पुजारी हवा होता. तो मी पेज ढवळता ढवळताच उरकला. आमच्या देवळात गाऱ्हाणं घालणारा, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवाकडे मागणं मागणारा गावकार उचलला आणि त्याला लांब दाढी लावली. झालं.

खेळात पुजारी आला. मी कमरेत वाकून हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरां रानात जातत, तेंका वाट दाखव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तिघेही न सांगता ओरडले. देवळात गावकाराच्या प्रत्येक मागण्याला असंच म्हणत आम्ही वाढलोय. तोंड आपोआप उघडतं.

"जो कोण राक्षस आड येयत, तेका भायरच्या भायर घालव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे थांबायचं होतं. पण पुजाऱ्याला थांबवायचं त्राण माझ्यात नव्हतं. "ह्या घरातलां चेडू दमलां आसा. तेच्या भावाक बुद्धी दी, आवशीक दोन म्हयने आपल्या घराक घेवन जांवदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज भावाचा.

मग त्याचा चेहरा उतरला. मित्र फाशांकडे बघत बसले.

"ताय, खेळातलो देव तो," तो कसंनुसं हसत म्हणाला. "खरो थोडोच आसा?"

मला असा संताप आला की फासे त्याच्या अंगावर भिरकावावेत. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. बारीक, पण स्वच्छ.

"व्हय म्हाराजा."

आईने सगळं ऐकलं होतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. लाजेने मेल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी भाऊ गाडी घेऊन आला. आईची वेणी घालताना मी मुद्दाम तिच्या पाठीमागेच राहिले. तिनेच मान वळवून विचारलं, "आता तरी जरा निजतलंस मा गो?"