निरोगी म्हणजे आमच्या काकू

आमच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ काकू पंधरा वर्षं 'निरोगी माणूस' या पदावर होत्या. पगार मात्र तंत्रज्ञाचाच. रुग्णांच्या रक्ताशी ताडून बघायला एक धडधाकट रक्त लागतं. ते बाहेरून आणायचं तर अर्ज, समिती, सह्या. त्यापेक्षा काकूंनी बाही वर केली की काम फत्ते.

आम्हा सगळ्यांचं पोट एका प्रथिनावर चालायचं. पेशीतली कुठली जनुकं चालू ठेवायची, कुठली बंद, हे ते ठरवतं. ते कमी पडलं की पेशी मोकाट वाढतात, गाठी होतात, असा जगाचा समज. प्रथिन जितकं जास्त, तितकी तपासणीच्या पट्टीवरची रेघ गडद. गाठींच्या रुग्णांची रेघ काकूंच्या रेघेइतकीच उमटते, म्हणजे प्रथिन कमी नाहीच, असा थोर शोध लावून आमचे सर विभागप्रमुख झाले.

यंदा रसायनांच्या खोक्यात कंपनीने एक निरोगी नमुना फुकट पाठवला. त्याची रेघ काळीकुट्ट आली. रुग्णांची फिकट, आणि काकूंचीही तितकीच फिकट.

सरांनी प्रयोग तीनदा करायला लावला, मग यंत्राला नावं ठेवली. काकू पट्टी धूत होत्या.

"यंत्र ठीक आहे, सर. माझी आई आणि मावशी गाठींनीच गेल्या."

"मग हे आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही फक्त रक्त मागितलं होतंत."

मला माझीच लाज वाटली. त्यांच्या दंडाला पट्टा मीही कितीदा बांधला होता.

काकूंना घोर लागला तो लेकीचा. दोष आईकडून तिच्यात उतरला असेल किंवा नसेल, शक्यता निम्मी-निम्मी. लेक आली, रक्त देऊन गेली. स्वतःच्या लेकीची पट्टी काकूंना करवेना, म्हणून ती मी केली. रेघ काळीकुट्ट. काकू स्टुलावर बसून रडल्या, मीही रडले.

सर आले. पट्टी उजेडात धरून बघताना आठवड्यात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला. काकूंची स्वतःची तपासणी कधी आहे, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

"छान. म्हणजे निरोगी रक्ताची सोय घरातच झाली की."

काकूंनी डोळे पुसले, लेकीची नळी उचलून पर्समध्ये ठेवली आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा सरांना नाही म्हणाल्या.