नमुन्याचा शर्ट

१७ फेब्रुवारी १९८९. रुपये बावीस, पैसे पन्नास. नमुन्याच्या शर्टाचे भाडे. हे व्हाउचर मी लिहिलं. स्टुडिओत मी तेव्हा नवा हिशेबनीस होतो. पैसे द्यायचे होते मावशींना. त्या कपडेखात्यात धुण्याचं काम करायच्या.

आमच्याकडे स्वातंत्र्यलढ्याचे चित्रपट निघत. हुतात्म्यांच्या कपड्यांवरचं रंगाचं रक्त मावशी धुवायच्या आणि तेच कपडे वाळवून पुन्हा मरायला पाठवायच्या. "माझ्याकडे आलेला हुतात्मा इस्त्री होऊनच बाहेर पडतो," म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

त्या वर्षीच्या चित्रपटात असा प्रसंग होता: पुलावर मोर्चावर गोळ्या झाडल्या जातात, तरी जखमी पुढे चालत राहतात. दिग्दर्शकाला त्या काळचा खरा शर्ट हवा होता. मावशींनी घरून आणला. त्यांचा दादा अशाच मोर्चात परक्या शिपायांच्या गोळीने गेला होता. शर्ट आईने कधी धुऊ दिला नाही. आईमागे मावशींनीही धुतला नाही.

"मास्तर, उसवायचा नाही. बघायचा आणि परत द्यायचा," त्यांनी शिंप्याला बजावलं.

"मावशी, तुमचा दादा तो माझा दादा."

मास्तर कामाला पक्के, तेच नडलं. त्यांनी एकोणतीस शर्ट शिवले, चहाच्या पाण्यात बुडवले, कोपरं घासून झिजवली. आईने लावलेलं ठिगळ, छातीवरचं भोक, भोवतीचा काळपट डाग, सगळं हुबेहूब केलं. मग घाईत नमुनाही त्याच गठ्ठ्यात गेला आणि सकाळी तीस जणांच्या अंगावर तीस शर्ट चढले.

संध्याकाळी मावशी आल्या. "माझा कुठाय?"

मास्तरांनी गठ्ठ्याकडे पाहिलं आणि त्यांना रडू फुटलं.

"रडू नका आता," मावशी म्हणाल्या. "तुमचं रक्त पाण्याने जातं. त्याचं जायचं नाही."

"पण मग तोही भिजेल, मावशी."

"भिजू दे. सापडेल तरी."

त्यांनी एकेक शर्ट टबात बुडवला, चोळला, दिव्यासमोर धरला. डाग गेला की बाजूला. गठ्ठा उतरत गेला तसे त्यांचे हात मंदावले. शेवटचा शर्ट उरला तेव्हा मास्तर म्हणाले, "हाच तो. नका भिजवू."

मावशींनी तो छातीशी धरला, बराच वेळ. मग कोपरा ओला करून पाहिला. रंग उतरला.

तेव्हा कुठे आम्ही शर्ट मोजले. एकोणतीस. कुणीतरी शर्ट अंगावर घालूनच घरी गेला होता. रोजंदारीची माणसं, नाव एक सांगायची, पत्ता दुसराच. मी महिनाभर शोधलं. मिळाला नाही.

चित्रपट लागला तेव्हा मावशींनी मला सोबत नेलं. पुलाचा प्रसंग आला आणि त्यांनी माझं मनगट धरलं. "हा नाही... हाही नाही... तो बघ, तो कडेचा!" तीसही पाठी धुक्यात शिरल्या. पडदा रिकामा झाला, तरी त्यांनी मनगट सोडलं नाही.

"पलीकडे पोचला बघ," त्या म्हणाल्या. "आता थंडीत एका शर्टावर फिरत असेल कुठेतरी."

बाहेर आल्यावर मी व्हाउचर पुढे केलं. त्यावर छापील ओळ होती: वस्तू परत मिळाली, भाडे पावले.

"परत मिळाली असं कसं लिहून देऊ रे? येऊ दे त्याला, मग करते सही."

पुढे दरवर्षी मी विचारायचो, त्या नाही म्हणून मान हलवायच्या. आता मावशी नाहीत, स्टुडिओही नाही. मी दुसरीकडे हिशेब लिहितो, तिथून जूनमध्ये निवृत्त होतोय. बावीस रुपये पन्नास पैसे देणे बाकी आहे.