पडद्याआडचं जेवण

सोमवारी दुपारी माझी पत्नी गेली. त्या संध्याकाळी आम्ही भोजनालयात जेवायला जाणार होतो.

वैजापुरात मार्केट यार्डाच्या रस्त्याला हे भोजनालय आहे. शाकाहारी, साधं. बाहेरच्या हॉलमध्ये कांदा घेऊन आलेले शेतकरी, हमाल, तहसीलच्या कामाला आलेली माणसं बसतात. आत पडद्यापलीकडं एक लहान खोली आहे. दारावर 'फॅमिली रूम' असं रंगवलेलं. एकट्या पुरुषानं तिथं बसायचं नाही, हा तिथला रिवाज. कॉलेजात शिकवायला मी गावात आलो तेव्हा लग्न व्हायचं होतं, आणि मी बाहेर जेवायचो. आतली खोली पाहिली ती तिच्यामुळंच.

पडदा ओढला की ती सैल व्हायची. चपला काढून बाकावर मांडी घालायची, बांगड्या मागं सारायची आणि बाजरीची भाकरी आमटीत कुस्करायची. आमटी येसराची. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. तिच्या माहेरी ते दर उन्हाळ्यात होई, त्यामुळं या विषयात ती कुणाचं ऐकत नसे. मालक मुद्दाम स्वतः वाढायला येत.

"वहिनी, आज कशी झाली?"

"येसर जास्त भाजलंय."

"दर बारीला तुमचं हेच!"

"दर बारीला तुम्ही तेच करता की."

"मग या उद्यापासून चुलीपुढं. मी बसतो सरांसंग जेवायला."

"बसा खुशाल. जेवताना बोलत नाहीत ते. लई कंटाळाल."

मी खरंच बोलत नसे. पिशवीत पुस्तक असे, पण तिथं ते कधी काढलं नाही. ती घामेजून, नाक ओढत, तिखट लागतंय म्हणत पुन्हा आमटी मागायची. घरी ती इतकं जेवत नसे. मी बघत राहायचो.

ती गेल्यावर बरेच महिने त्या रस्त्यानं गेलो नाही. मग एका दुपारी गेलो. मला आमटी हवी होती, असं मी स्वतःला सांगितलं. हवी होती ती खोली. ती जिथं मांडी घालून बसायची, तिथं एकदा बसायचं होतं. सवयीनं सरळ आत शिरलो, तर नव्या वाढप्यानं हटकलं.

"काका, ते फॅमिलीसाठी हाय. मागून कुणी येतंय का?"

"नाही."

"मग भाहेर बसा ना."

गल्ल्यावरून मालकांनी पाहिलं. "अरे, सर हायेत ते! सर, बसा तुम्ही आत. तुम्हाला कोण नाय म्हणतंय?"

बसलो. ताट आलं. पहिला घास घेतला आणि पडदा हलला. एक तरुण जोडपं, बाईच्या कडेवर लहान मूल. मला पाहून ती दारातच थबकली. नवरा म्हणाला, "चल गं, काका हायेत. काय होतंय?" ती आत आली, पण माझ्याकडं पाठ करून बाकाच्या कडेला बसली. पदर डोक्यावर ओढून घेतला. मूल रडू लागलं तसं तिनं नवऱ्याला हळूच विचारलं, "पाजू कसं इथं?"

मी ताट उचललं. वाढप्या धावत आला. "काका, काय झालं?"

"काही नाही. बाहेर वारा आहे जरा."

बाहेर हमालांच्या टेबलावर जागा मिळाली. एकानं सरकून घेतलं आणि न विचारताच ठेच्याची वाटी माझ्याकडं ढकलली. थोड्या वेळानं आतलं रडणं थांबलं. मालक पातेलं घेऊन आले. माझ्या ताटात आमटी वाढली.

येसर जास्तच भाजलेलं होतं. सांगायला हवं होतं, पण ते माझ्यानं झालं नाही.

आता मी आठवड्यातून एकदा तिथं जातो. बाहेरच्या हॉलमध्ये बसतो, आमटी-भाकरी खातो आणि घरी येतो.