न भेटलेल्या माणसाला श्रद्धांजली

“लग्नाला गेलो नाही तर लोक विसरतात, मयताला गेलो नाही तर मतपेटी विसरत नाही,” असं खो बुनसेंग एकदा म्हणाला होता.

चियायी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, शिंपल्यातली कालवं पिकवणाऱ्या त्या गावात, हे वाक्य हसत हसत सांगितलं जाई. खोटं त्यात काही नव्हतं. आधी वस्तीचा प्रमुख, मग परिषदेचा सदस्य, मग दोनदा नगराध्यक्ष, आणि आता जिल्हाप्रमुखपदाची उमेदवारी. बुनसेंग मयताच्या मांडवांमधूनच वर चढत आला होता. पंचांगात अंत्यविधीला चांगला दिवस निघाला की सकाळी पाच-पाच मांडव व्हायचे. उदबत्ती, तीनदा वाकणं, दोन शब्द. नजर खाली ठेवली की दुःख खरं दिसतं, हे त्याला लवकर कळलं होतं.

त्या दिवशीचा तिसरा मांडव देवळामागच्या नव्या वस्तीत होता. गाडीतच सचिवाने चिठ्ठी हातात ठेवली: तान तेंगफात, वय एक्क्याऐंशी. आपल्या ओळखीचे का, असं बुनसेंगने विचारलं. यादीत नाहीत, सचिव म्हणाला. म्हणून त्याने अनोळखी मयतासाठीचं भाषण काढलं.

“तानसाहेबांना भेटण्याचं भाग्य मला लाभलं नाही,” तो माइकवर म्हणाला. आवाज नेहमीच्या जागी भरून आला. “पण अशा कष्टाळू माणसांवरच हे गाव उभं आहे.”

मांडवात कोणी हुंदका दिला नाही. कडेला बसून मयतासाठी जाळायच्या सोनेरी कागदाच्या घड्या घालणारी एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, “ऐकलंस? हा आपल्या ओ-काऊला भेटलाच नाही म्हणे. मग याच्यासाठी घसा फोडत कोण हिंडलं, माझा बोका?”

बुनसेंगने तेव्हा पहिल्यांदा फोटोकडे पाहिलं.

ओ-काऊ काका. ओ-काऊ, म्हणजे काळं कुत्रं, अशी सगळा किनारा ज्याला हाक मारायचा, तो. त्याचं कागदावरचं नाव बुनसेंगने कधी विचारलंच नव्हतं. पहिल्या निवडणुकीत कालवं वाहायच्या तीनचाकीवर भोंगा बांधून हा माणूस बावीस दिवस ओरडत फिरला होता. पराभव झाला त्या संध्याकाळी आवाज पार गेलेला, तरी त्याने खुणेनेच बुनसेंगला घरी नेलं आणि कालवांची गरम पेज पुढे ठेवली. पुढे बुनसेंग निवडून आला. काकांना अर्धांगवायू झाल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. जाऊ एकदा, असं म्हणता म्हणता अकरा वर्षं गेली.

काकांची मुलगी सुकहुई सुतकाची गोणपाटाची टोपी घालून शवपेटीशेजारी गुडघ्यांवर बसली होती. त्या संध्याकाळी पेजेचा वाडगा आतून तिनेच आणला होता.

“बरोबर आहे, दादा,” ती हळूच म्हणाली. “भाग्य नाहीच लाभलं. बाबा मात्र दर रविवारी दाढी करून घ्यायचे. तुम्ही आलात तर बरं दिसावं म्हणून.”

बुनसेंगने तोंड उघडलं. बोलायची सवय तीस वर्षांची. पण जे शब्द येत होते ते सगळे कुठल्या ना कुठल्या मांडवात वापरून झालेले होते.

तेवढ्यात विधी सांगणाऱ्या माणसाने आपल्या ठरावीक सुरात पुकारलं, “माननीय नगराध्यक्षांनी अमूल्य वेळ काढला. कुटुंबीय नमस्कार करून आभार मानतील.”

सुकहुईने दोन्ही हात जमिनीवर टेकले. मग कपाळ टेकलं. रीत पुरी होईपर्यंत ते उचललं नाही.

तिला उठवावं म्हणून तो अर्धा वाकला, पण हात पुढे झाला नाही. त्याने माइक खुर्चीवर ठेवला आणि तो मांडवाबाहेर निघून गेला.